टपाची गाडी आणि हवेचा अडथळा



काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यात आंबिया बहाराची तोड सुरू झाली, की कळमन्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर संत्र्याच्या गाड्यांची रीघ लागते. एके काळी हा माल बैलगाडीने स्टेशनापर्यंत यायचा. पुढे ट्रक आले. १९८६ साली टाटांची ४०७ आली, २००५ साली तिचे धाकटे भावंड आले, ज्याला सगळा मुलूख ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखतो, आणि आता तर पिकअप गाडी नाही असे मोठे गाव शोधावे लागेल. पुढे केबिन, मागे उघडा हौदा. या हौद्यावर लोखंडी कमानी उभारून वर ताडपत्री ताणली किंवा पत्रा ठोकला, की झाली टपाची गाडी. ऊन, पाऊस, धूळ यांपासून माल वाचतो. आज बोलायचे आहे ते या टपाविषयी, आणि त्याला समोरून भिडणाऱ्या हवेविषयी.

विषय काढला तो प्रतापनगरातल्या एका पिकअपवाल्याने. गाडी हप्त्यावर घेतलेली. काटोलकडची संत्री आजवर कळमन्यापर्यंत पोहोचवायचा. आता तोच माल रातोरात मुंबईच्या बाजारात न्यायचे त्याने मनात घेतले आहे. समृद्धी महामार्ग झाल्यापासून हा विचार पुष्कळांच्या डोक्यात आला आहे. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून सबंध ७०१ किलोमीटरचा रस्ता सुरू झाला. हिंगणा तालुक्यातल्या शिवमडक्याला गाडी वर घातली, की थेट ठाणे जिल्ह्यात उतरवायची. तर हा गृहस्थ टप बांधायला निघाला आणि त्याला तीन शहाणे भेटले. एकाने सांगितले, टप केबिनीच्या वर चांगला दीड फूट उंच घे, माल जास्त मावेल. दुसरा म्हणाला, केबिनीवर तिरपा पत्रा लाव, हवा वरून निघून जाईल. तिसऱ्याचे म्हणणे, टपाची भानगडच नको. हौदा उघडा ठेव आणि रिकामे परतताना मागचा फाळका पाडून चालव, म्हणजे हवा आरपार जाते. तो मला विचारता झाला, “सर, खरं काय ते सांगा. टप एकदा बांधला का मंग मोडता येत नाही, अन् हप्ता तं दर महिन्याले भराच लागते.”

मी गणिताचा माणूस, यंत्रांचा नव्हे. पण हा प्रश्न निम्मा गणिताचाच आहे.

हवा आपल्याला दिसत नाही म्हणून ती काहीच नाही असे वाटते. ज्याने तिवईवर उभे राहून धान्य उपणले आहे त्याला असे वाटणार नाही. सुपातून पडणारा दाणा पायाशी पडतो आणि भूस चार हात लांब जाते, हे काम हवाच करते. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे सव्वा किलो भरते. म्हणजे साध्या खोलीतली हवा पन्नास-साठ किलोंची असते. गाडी रस्त्याने धावते तेव्हा तिला ही हवा सतत बाजूला सारावी लागते. ज्याने समोरच्या वाऱ्यात सायकल मारली आहे त्याच्या मांड्यांना हे सूत्र पाठ आहे.

सूत्र असे: हवेचा अडथळा चार गोष्टींवर ठरतो. हवेची घनता, गाडीची समोरून दिसणारी रुंदी-उंची, गाडीचा आकार, आणि वेगाचा वर्ग. पहिल्या गोष्टीवर आपला इलाज नाही. (नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा हवा २० अंशांच्या मानाने आठ टक्क्यांनी हलकी होते, पण त्या उन्हात डिझेल वाचले म्हणून आनंद मानणारा भेटायचा आहे.) ध्यानात ठेवायची ती शेवटची गोष्ट: वेगाचा वर्ग. वेग दुप्पट, अडथळा चौपट.

आकडे घालून पाहू. टप केबिनीच्या बरोबरीचा आहे, समोरून दिसणारे क्षेत्रफळ हिशेबाला सोपे म्हणून ३ चौरस मीटर आहे, आणि आकाराचा गुणक ०.५ आहे असे धरू. ताशी ४० किलोमीटर वेगाला हवा गाडीला साधारण ११ किलो वजनाच्या जोराने मागे ढकलते. ६० ला तोच जोर २५ किलो, आणि ८० ला ४५ किलो. आता याच्या शेजारी दुसरा अडथळा ठेवा: चाके रस्त्यावर लोळताना दाबली जातात त्याचा. मालासह तीन टनांच्या आसपासच्या गाडीला, रस्ता चांगला आणि चाकांत हवा पुरती असताना, तो सुमारे ३४ किलो पडतो, आणि वेग वाढला तरी फारसा वाढत नाही. म्हणजे काटोल ते कळमना ४० च्या वेगाने रमतगमत येणाऱ्या गाडीचा मुख्य शत्रू रस्ता आहे. हवेचा वाटा एक चतुर्थांश. तीच गाडी समृद्धीवर ८० ने निघाली की पारडे फिरते आणि अर्ध्याहून अधिक जोर हवा कापण्यात जातो. इंजिनाच्या ताकदीत बोलायचे तर ४० ला हवेसाठी पावणेदोन अश्वशक्ती पुरते, ८० ला तेरा लागतात. जोर चौपट आणि वेग दुप्पट, म्हणून ताकद आठपट.

यावरून एक गोष्ट ताबडतोब निघते. ज्याची गाडी गावच्या बाजारापुरतीच धावते त्याने टपाच्या आकारावर पैसा घालवू नये. त्याने चाकांत हवा नीट भरावी, तेवढे पुरे. आजचे बोलणे लांबच्या आणि वेगाच्या प्रवासासाठी आहे.

आता तीन शहाण्यांकडे वळू. तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण त्याचे मत सर्वांत पसरलेले आणि सर्वांत चुकीचे आहे. उघड्या हौद्याचा फाळका म्हणजे हवेसमोरची भिंत, ती पाडली की हवा मोकळी सुटते, असे कोणालाही वाटेल. पण केबिनीच्या टपावरून येणारी हवा हौद्यात सरळ उतरतच नाही. फाळका वर असला म्हणजे हौद्यात हवेचा एक भोवरा कोंडून गरगरत राहतो, आणि वरची हवा त्या भोवऱ्यावरून, जणू गादीवरून, घसरत मागे जाते. फाळका पाडला की हा कोंडलेला भोवरा मोडतो, गाडीमागची खळबळ वाढते आणि अडथळा बहुधा कमी न होता थोडा वाढतोच. पिकअप गाड्यांवर वाऱ्याच्या बोगद्यांत झालेल्या चाचण्यांतून हे वारंवार दिसले आहे. हौद्यावर कडेला कडा लावून ताडपत्री सपाट ताणली तर मात्र थोडा फायदा होतो.

पण मागचा भोवरा गाडीला ओढतो म्हणजे काय? शिक्षक मंडळींनी इथे जरा लक्ष द्यावे. पुढचा प्रयोग वर्गात दोन मिनिटांत होतो. एक मेणबत्ती पेटवा. तिच्यापुढे तीन बोटांवर एक पोस्टकार्ड उभे धरा आणि कार्डाच्या अलीकडून जोराने फुंका. ज्योत पलीकडे झुकेल असे मुले सांगतील. ती झुकते उलट कार्डाकडे, म्हणजे फुंकणाऱ्याकडे. आता कार्डाच्या जागी गोल बाटली ठेवा आणि तसेच फुंका. मेणबत्ती विझते! हवा बाटलीच्या गोल अंगाला धरून वळते आणि मागे एकत्र येते. कार्डाच्या कडेला मात्र तिला वळता येत नाही, ती तुटून बाजूला जाते, आणि मागे जी पोकळी राहते तिथे हवा उलटी शिरते. मग तेच कार्ड वाकवून पुढे गोल आणि मागे निमुळते, असा थेंबासारखा आकार करा, निमुळते टोक मेणबत्तीकडे. आता ज्योत शांतपणे पुढे झुकते. मासा पुढे गोल आणि मागे निमुळता का, याचे उत्तर मुलांना न सांगता मिळते.

म्हणजे आपण समजतो तसे गाडीचे नाकच सगळे काही नसते. नाक हवा फोडते, ते खरे. पण फुटलेली हवा मागे कशी मिळते यावर पुष्कळसे अवलंबून असते. टपाच्या गाडीचा पाठीमागचा उभा चौकोन म्हणजे ते पोस्टकार्ड. त्याच्या मागे हवेचा दाब कमी राहतो, आणि हा कमी दाब गाडीला सारखा मागे खेचत असतो.

माशासारखी शेपटी गाडीला लावायची तर ती पंधरा-वीस फूट लांब होईल आणि कोणत्याच गल्लीत वळणार नाही. यावर जर्मनीतल्या वुनिबाल्ट काम या अभियंत्याने १९३० च्या दशकात उत्तर काढले: शेपटी उतरती ठेवा, पण मधेच सरळ कापून टाका. कापलेल्या जागी भोवरा होतो, परंतु तोवर गाडीची उंची पुष्कळ उतरलेली असते, म्हणून भोवरा लहान होतो. आजही मोटारींच्या मागे ती छाटलेली शेपटी दिसते. मात्र उतार किती द्यावा याला मर्यादा आहे. १९८४ साली जर्मनीत अहमद नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका साध्या ठोकळ्याची पाठ निरनिराळ्या कोनांत तिरपी करून मोजमापे घेतली. साडेबारा अंशांच्या आसपास अडथळा सर्वांत कमी आला, आणि ३० अंशांना तो एकदम वर गेला, अगदी सरळ उभ्या पाठीपेक्षाही जास्त. तेव्हा ‘तिरपे केले की झाले’ हे खरे नाही. बेताने तिरपे केले तर फायदा, घसरगुंडीसारखे केले तर तोटा.

आता पहिला शहाणा. टप केबिनीच्या वर दीड फूट उंच घेतला आणि त्याची रुंदी साडेपाच फूट धरली, तर समोर सव्वाआठ चौरस फुटांची नवी भिंत उभी राहते. मूळचे ३ चौरस मीटर म्हणजे सुमारे ३२ चौरस फूट. म्हणजे भिंत पाव हिश्श्याने वाढली, आणि तीही सरळ, काटकोनी. याचा मोबदला काय? त्या पिकअपवाल्याला मी उलट विचारले की तुझ्या गाडीत माल किती वजनाचा चालतो. दीड टन. २० किलोचा एक क्रेट धरला तर ७५ क्रेट. त्याच्या हौद्यात एका थरात २० क्रेट बसतात. तीन थरांचे ६० झाले, चौथ्या थरात उरले १५. संपली वजनाची मर्यादा! पाचवा थर लावायचा असेल तर तो कायद्याबाहेरचा, पाट्यांवर आणि ब्रेकवर बसणारा. दीड फुटाच्या त्या जादा टपात संत्री कधी जाणारच नाहीत. तिथे फक्त हवा भरून न्यायची आणि बाहेरच्या हवेशी भांडायचे. कापूस, रिकामे क्रेट, लग्नाचे सामान असा हलका माल ज्याला न्यायचा त्याला उंच टप लागतो, त्याची गोष्ट निराळी. शिवाय उंच टपाला आडवा वारा धरतो. उघड्या माळरानावरून जाताना बाजूने झोत आला, की रिकामी उंच गाडी रस्त्यावर सरकते. हे चालकांना सांगायला नको.

आणि गंमत पाहा. चौथ्या थरात १५ क्रेट लावायचे, तर मागची पाचांची एक ओळ रिकामी राहते. अर्थात मागच्या बाजूला टप उंच असण्याची गरजच नाही. शेवटच्या ४ फुटांत टपाची कमान १० इंच उतरवली, तर उतार बरोबर बारा अंशांच्या घरात येतो. मागच्या ओळीवर तो कुठे चार बोटे टेकतो का, एवढे मात्र कमानी वाकवण्यापूर्वी क्रेट रचून पाहावे.

दुसऱ्या शहाण्याचे काय? केबिनीवरचा तिरपा पत्रा. टप केबिनीपेक्षा उंच असेल तर हा पत्रा उपयोगी आहे, आणि तो टपाच्या वरच्या कडेपर्यंत हवा नेऊन सोडील इतकाच असावा. टप केबिनीच्या बरोबरीचा असेल तर त्याची गरज नाही. उलट तोच एक नवा अडथळा. त्याहून स्वस्त आणि मोलाची गोष्ट म्हणजे कडा गोल करणे. १९७३ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात एडविन सॉल्ट्झमन नावाचा विमानविद्येचा अभियंता सायकलने कामावर जात असे. शेजारून मोठे ट्रक गेले की आधी तो बाहेर ढकलला जाई आणि मग आत ओढला जाई. त्याने विचार केला की हा सगळा धक्का कोणाच्या तरी इंधनाच्या पैशातून येत असणार. तो नोकरीला होता नासाच्या ड्रायडन केंद्रात, त्यामुळे सोबत्यांना घेऊन त्याने एका गाडीवर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा साफ चौकोनी डबा चढवला आणि एकेक कड बदलत धावपट्टीवर चाचण्या घेतल्या. उभ्या कडा गोल केल्या, तेवढ्यानेच अडथळा सुमारे ४० टक्के उतरला. आडव्याही गोल केल्यावर निम्म्याहून अधिक. आतली जागा गेली ती फक्त तीनेक टक्के. तिथला डबा सर्व बाजूंनी काटकोनी होता म्हणून आकडे इतके मोठे. आपल्या पिकअपची केबिन कारखान्यातूनच गोलसर येते, तिथे एवढी अपेक्षा धरू नये. पण टपाचा जो भाग केबिनीच्या बाहेर डोकावतो, वर किंवा बाजूला, त्याच्या कडा चार-सहा इंचांच्या गोलाईने वळवाव्यात. आपल्याकडे एसटीच्या गाड्या हिंगण्याच्या कार्यशाळेत बांधल्या जातात. पत्रा वळवणारे कसबी हात नागपुरात नवे नाहीत.

ताडपत्रीचा टप असेल तर ती ढोलासारखी ताणलेली हवी. ढिली ताडपत्री वेगात फुगते, फडफडते, आणि प्रत्येक फडफडीला डिझेल लागते, दोऱ्याही तुटतात. कमानी दाट असल्या म्हणजे कापड झोळ खात नाही. केबिन आणि टप यांच्यामध्ये वीतभर फट राहते, तीही पट्टी लावून बुजवावी.

हे सर्व नीट जमले, तर आकारामुळे अडथळा दहा टक्के उतरला असे धरू. ८० च्या वेगाला ४५ किलोंचे साडेचाळीस होतील, एकूण ७९ किलोंचे साडेचौऱ्याहत्तर. म्हणजे जोरात सुमारे पावणेसहा टक्के बचत. आता दुसरा हिशेब पाहा. टप आहे तसाच ठेवला आणि वेग ८० ऐवजी ६५ केला, तर हवेचे ४५ किलो ३० वर येतात आणि एकूण ७९ चे ६४ होतात: एकोणीस टक्के! डिझेल अगदी त्याच प्रमाणात घटत नाही, इंजिनाचे स्वतःचे खाणे असतेच. पण कौल स्पष्ट आहे. महामार्गावर मालगाडीला ८० ची मर्यादा आहे, याचा अर्थ ८० नेच गेले पाहिजे असा नव्हे. ७०० किलोमीटरला ८० ने पावणेनऊ तास लागतात, ६५ ने पावणेअकरा. दोन तासांत संत्री सडत नाहीत. बाजार गाठायची वेळ चुकत असेल तर भाग वेगळा. मग दोन तास आधी निघावे. पिकअपवाल्याला हे सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, “म्हणजे टपापेक्षा पायच सुधरवा लागते.” मी म्हटले, दोन्ही.

या सगळ्यात पैशापलीकडची एक गोष्ट आहे आणि ती सांगण्यासाठीच मी हा विषय घेतला असेही म्हणता येईल. गाडीमागच्या कमी दाबाच्या पोकळीत हवा उलटी शिरते, हे आपण मेणबत्तीवर पाहिले. कच्च्या रस्त्याने जाणाऱ्या बसच्या मागच्या बाकावर धूळ का येते, तेही यातूनच कळते. पण गाडीमागे नुसती धूळ नसते, इंजिनाचा धूरही तिथेच सुटतो. टपाची गाडी तीन बाजूंनी बंद आणि मागचा पडदा उघडा अशी धावली, की तो धूर ओढून टपात घेते. तोडीला गेलेले मजूर, बायका, मुले, कधी वऱ्हाडी मंडळी अशा टपात बसून रात्रीचा प्रवास करताना आपण पाहतो. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, मळमळते, झोप येते. आणि दमलेल्या माणसाला झोप आली तर शेजारच्याला त्यात वावगे वाटत नाही. थंडीत पडदे ओढून घेतले तर बाकीच्या फटींतूनही हे चालूच राहते. मालाच्या गाडीत माणसे नेणे कायद्याने मना आहेच. अपघाताचे कारण सर्वांना ठाऊक असते, हे दुसरे कारण ठाऊक नसते. शिक्षकांनी शाळेत आणि पालकांच्या सभेत ते जरूर सांगावे. माल नेतानाही मागचा पडदा घट्ट बांधावा आणि संत्र्याला वारा हवा म्हणून पुढच्या बाजूला झाकण असलेली लहान खिडकी ठेवावी, म्हणजे ताजी हवा पुढून आत येते.

मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या गाडीत मनाप्रमाणे फेरफार करता येत नाही. तेव्हा टप बांधण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारावे.

शेवटी, टप बांधून झाला की तो बरा झाला की वाईट, हे घरच्या घरी कसे पाहावे? लोकरीचे बोटभर लांबीचे तुकडे कापा आणि टपाच्या वर, बाजूंना, मागच्या उतारावर चिकटपट्टीने वीत-वीत अंतरावर लावा. मोकळ्या सरळ रस्त्यावर, दिवसाउजेडी, एकाने गाडी ५० च्या वेगाने चालवावी आणि शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या गाडीतल्या माणसाने, चालकाने नव्हे, तुकड्यांचे चित्रण घ्यावे. जिथे तुकडे मागच्या दिशेला गुपचूप पडून आहेत तिथे हवा अंगाला धरून चालली आहे. जिथे ते उभे राहून नाचतात, किंवा उलटे होऊन पुढे तोंड करतात, तिथे हवा तुटली आहे. मागच्या उतारावरचे तुकडे नाचू लागले तर उतार जास्त झाला असे समजावे आणि शेवटची कमान इंच-दोन इंच उचलून पुन्हा पाहावे.